नम्रतेचें सोंग आणि नम्रता

प्रार्थनासभेंत एखाद्या विद्यार्थ्यास साक्ष देण्यास सांगितलें कीं तो उभा राहतो, मान खालीं घालतो आणि आपण महापापी आहों, सर्वांत नीच आहों, असें म्हणूं लागतो. त्याचें वय बारा-तेरा वर्षांचें. त्यानें फार तर शेजाऱ्याच्या झाडाच्या कैऱ्या पाडल्या असतील किंवा गणिताचें उत्तर मित्राच्या वहींतून उतरविलें असेल. परंतु त्या दोन गोष्टी तो सांगत नाहीं. मोठे शब्द उच्चारून तो खालीं बसतो, वडील मंडळी समाधानानें मान डोलवितात, आणि मुलगा किती नम्र, अशी प्रशंसा त्याच्या कानीं पडते. प्रिय विद्यार्थीहो, आणि विशेषतः पालकहो, ह्या रीतीनें आपण मुलांस नम्रतेच्या नांवाखालीं वाहवा मिळविण्याची कला शिकवितों, असें माझें स्पष्ट मत आहे. ही कला एकदां अंगीं मुरली म्हणजे तिचा मोह पुढें सुटतां सुटत नाहीं.

मोह म्हटला कीं आपणांस दारू, जुगार आणि जत्रेंतील तमाशा इतकेंच आठवतें. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून पाहावा. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर आपल्या प्रभूपुढें जे तीन मोह आले, त्यांपैकीं पहिल्या दोहोंत वरवर पाहतां पाप कोठें दिसत नाहीं. भुकेलेल्यानें भाकर खावी, ह्यांत वावगें काय? देवाच्या अभिवचनावर भरंवसा ठेवून मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावी, हें तर भक्तीचें लक्षण वाटेल! शिवाय ती उडी टाकण्यास सांगतांना सैतानानें शास्त्राचाच आधार दिला. सैतानास स्तोत्रें पाठ होतीं, हें शास्त्रपाठाच्या परीक्षेंत पहिला येणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. आपल्या वऱ्हाडांत कापूस काट्यावर नेण्यापूर्वीं त्यावर पाणी शिंपडणारा मनुष्य स्वतःस चोर म्हणत नाहीं. व्यापारी काटा मारतो, मग आपण थोडें वजन वाढविलें तर तो न्यायच झाला, असें तो म्हणतो. मोह येतो तो बहुधा असे धुतलेले कपडे घालूनच येतो.

विद्या आणि सेवा ह्यांच्या वाटेनें येणारा मोह ह्याहून सूक्ष्म. त्याचा विचार करूं लागलों कीं माझ्या डोळ्यांपुढें पंडिता रमाबाई उभ्या राहतात. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें मुलीस. आईबाप दुष्काळांत गेले. भावाबरोबर पायीं भटकत भटकत ही तरुणी १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचली, तेव्हां तेथील विद्वानांनीं तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. वय अवघें वीस! भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत, समोर सभा थक्क झालेली. ह्या वयांत असा मान मिळालेला मनुष्य पुढील सारें आयुष्य त्या एका दिवसाच्या आठवणीवर काढतो. असे पुरुष आपण पाहिले आहेत.

रमाबाईंनीं तसें केलें नाहीं. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, तें पुढील वर्षीं पुण्यास नेलें. ख्रिस्ती जगांत त्यांचें नांव दुमदुमत होतें, अमेरिकेंत त्यांच्या साह्यार्थ मंडळ स्थापन झालें होतें. अशा स्त्रीनें पुढें १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनांत काय लिहावें? बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षेंपर्यंत आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता, अशा आशयाचें त्या लिहितात. हें वाक्य आणि आमच्या प्रार्थनासभेंतील 'मी महापापी' हें वाक्य एकमेकांशेजारीं ठेवून पाहावें. आमच्या वाक्यास कांहीं मोल पडत नाहीं. रमाबाईंच्या वाक्यास पडलें असतें. ज्यांनीं त्यांना आदर्श ख्रिस्ती म्हणून मिरविलें आणि पैसा पाठविला, त्यांच्याच हातीं त्यांनीं ही कबुली दिली. ती मोघम नाहीं. तींत उणीव कोणती, किती वर्षें होती, हें सांगितलेलें आहे. खऱ्या नम्रतेस तपशील असतो, असें मला वाटतें.

आतां कोणी पालक म्हणतील, "गुरुजी, नम्र म्हणजे वडिलांची आज्ञा पाळणारा, उलट न बोलणारा." ह्याविषयीं मला थोडें अधिक बोललें पाहिजे, कारण ह्या समजुतीनें आपल्या मुलांचें, आणि मुलींचें तर अतोनात, नुकसान झालें आहे. मोशे हा पृथ्वीवरील सर्व मनुष्यांत नम्र होता असें गणनेच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत म्हटलें आहे. आणि हाच मोशे फारोच्या दरबारांत पुनःपुनः उभा राहिला. इंग्लंडांत रमाबाई ज्या भगिनींच्या आश्रयानें राहत होत्या, ज्यांनीं त्यांना ख्रिस्ती धर्माची ओळख करून दिली, त्यांच्याशीं त्यांचा धर्मतत्त्वांविषयीं मोठा पत्रव्यवहार झाला. त्रैक्यासारखें मत केवळ वडीलधारे सांगतात म्हणून त्या मान्य करीनात. स्वतः शास्त्र वाचून पटेपर्यंत थांबत. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कशाला, आमच्या लोकांस तीं कळत नाहींत, तेथें संस्कृत कां नको, असेंही त्यांनीं विचारलें. त्या वडील भगिनींस हा गर्व वाटला. मला तो गर्व वाटत नाहीं. उपकारकर्त्यापुढें खोटें 'होय' म्हणण्याचा मोह लहान नसतो, आणि परक्या देशांत, पदरीं लहान मुलगी असलेल्या विधवेस तो किती मोठा असेल!

ह्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुलींस आपल्याबरोबर घेऊन आल्या, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. आपल्या वऱ्हाडाशींही त्यांचा एक धागा जुळलेला आहे. येथें मिशनकार्य केलेल्या जेनी फुलरबाईंनीं हिंदी स्त्रियांवरील अन्यायांविषयीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, तें १९०० सालीं प्रसिद्ध झालें; त्याची प्रस्तावना रमाबाईंची. वऱ्हाडांतच १८७६ सालीं शेंडगांवास जन्मलेले गाडगे महाराज ख्रिस्ती नव्हते, परंतु कीर्तनाआधीं हातीं खराटा घेऊन गांव झाडणारा आणि कोणास पाया पडूं न देणारा तो पुरुष ह्या विषयांत आम्हां उपदेशकांस पुष्कळ शिकवून गेला.

रमाबाईंच्या शेवटच्या कामाविषयीं मात्र सविस्तर लिहिलें पाहिजे. त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें मूळ भाषांवरून मराठींत भाषांतर करावयाचें ठरविलें. त्यासाठीं पिकल्या वयांत इब्री व ग्रीक ह्या भाषा त्या शिकल्या. संस्कृतांत सहज बोलणाऱ्या ह्या बाईंस वाटतें तर पंडितांनीं डोक्यावर घ्यावें असें भारदस्त भाषांतर त्या करूं शकत्या. परंतु त्यांनीं संस्कृत शब्द निवडून निवडून दूर सारले आणि खेड्यांतल्या अल्पशिक्षित स्त्रीस कळेल अशी भाषा घेतली. पंडिता ह्या पदवीचा मोह येथें मोडला, असें मी समजतों. खिळे जुळविणें, छापणें, हीं कामें मुक्तिसदनांतल्या स्त्रियांनींच केलीं. १९१९ सालीं सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें, तेव्हांही हें काम चाललेंच होतें. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी तें थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या आणि त्यांचें भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मराठी मंडळ्यांत तें सर्वत्र रूढ झालें नाहीं. उपासनेंत बहुतेक ठिकाणीं बायबल सोसायटीचेंच भाषांतर वाचलें जात राहिलें. कांहीं जाणकारांस त्यांची मराठी खडबडीत वाटते, आणि त्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. ज्या विद्येनें विसाव्या वर्षीं टाळ्या मिळविल्या, तीच त्यांनीं अखेरचीं अनेक वर्षें टाळ्या न मिळणाऱ्या कामांत ओतली.

म्हणून पालकांस आणि माझ्या सहकारी शिक्षकांस माझी एक विनंती आहे. मुलांस सर्वांसमक्ष पापी म्हणवून घेण्याची रीत आपण बंद करावी. कैऱ्या पाडल्या असतील तर मुलानें त्या झाडाच्या मालकाकडे एकट्यानें जावें, सांगावें आणि परत यावें. तें प्रार्थनासभेंत कोणास कळण्याची गरज नाहीं. वर्गांत एखादी मुलगी, "गुरुजी, हें मला पटत नाहीं," असें म्हणाली तर तिला उद्धट ठरविण्यापूर्वीं तिचें म्हणणें पुरतें ऐकावें. आणि बक्षीससमारंभांत 'सर्वांत नम्र विद्यार्थी' म्हणून कोणास पुस्तक द्यावें अशी सूचना कोणी आणलीच, तर तिला मी तरी अनुमोदन देणार नाहीं. तें पुस्तक हातीं पडल्यावर त्या बिचाऱ्या मुलानें घरीं जाऊन काय करावें?