अडकलेले आणि लपलेले

२०२० च्या होळीला, होला महल्ल्यासाठी, नांदेडला आलेले सुमारे चार हजार शीख भाविक टाळेबंदी लागली तेव्हा परत जाऊ शकले नाहीत. महिनाभर ते हुजूर साहिबच्या आसऱ्याने राहिले. एप्रिलच्या अखेरीस पंजाब सरकारने बस पाठवल्या तेव्हा कुठे ते घरी निघाले, आणि पोहोचल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना कोरोनाची लागण झाल्याचं आढळलं. आपण मराठवाड्यातल्या माणसांनी त्यांच्याविषयी एकच शब्द वापरला : अडकले. तो शब्द बरोबर होता. माणूस सणाला येतो, रेल्वे बंद होते, जिल्ह्याची हद्द बंद होते, तो अडकतो.

त्याच दिवसांत शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, मशिदींत राहिलेले तबलिगी जमातीचे परदेशी नागरिक पोलिसांनी ताब्यात घेतले. इथे शब्द बदलला. हे लोक ‘लपले होते’. वाहिन्या तसं म्हणत होत्या, मोबाइलवर तसंच फिरत होतं, आणि मीसुद्धा घरात जेवताना, फोनवर बोलताना तोच शब्द वापरला. त्याची खंत मला आजही आहे. लपणारा गुन्हेगार असतो, हे ठरवायला कोर्ट लागत नाही. शब्दच निकाल देऊन टाकतो.

कोर्टाचा निकाल नंतर आला. २१ ऑगस्ट २०२०. त्या दिवशी हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. आपल्या शहरातल्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतून आलेली ही माणसं. त्यांच्याबरोबर सहा भारतीयांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांवरही गुन्हे होते. भारतीय दंड संहितेची कलमं १८८, २६९, २७० आणि २९०, शिवाय साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, महाराष्ट्र पोलीस कायदा, परदेशी नागरिक कायदा. साथ पसरवायला आलेली टोळी पकडली असावी, अशी ती यादी वाचून वाटेल. न्यायालयाला त्यातल्या एकाही आरोपाला प्रथमदर्शनी आधार दिसला नाही.

या निकालाला सहा वर्षं होत आली. तरीही ‘तेव्हा गुन्हे दाखल केले ते बरोबरच होतं’ असं म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. चांगली, शिकलेली, सवरलेली माणसं. त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो आणि मग ते का टिकत नाही ते सांगतो.

पहिलं म्हणणं, ते मशिदीत का राहिले? याचिकाकर्त्यांनी याचं उत्तर न्यायालयात दिलं होतं. आपण आल्याचं त्यांनी जिल्हा पोलिसांना कळवलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. टाळेबंदीत हॉटेलं आणि लॉज बंद झाले, म्हणून मशिदींनी त्यांना जागा दिली. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती. मग त्यांनी जायचं कुठे होतं? आणि गर्दीचं म्हणाल, तर ज्या जिल्ह्यात ही माणसं होती त्याच जिल्ह्यात शिर्डी आहे. साईबाबांचं मंदिर १७ मार्चच्या दुपारपर्यंत दर्शनाला उघडं होतं. दिल्लीतल्या मरकजचा, म्हणजे जमातीच्या मुख्यालयाचा, ज्याची इतकी चर्चा झाली तो मेळावा १३ ते १५ मार्चचा. १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होतं की देशात आरोग्य आणीबाणी नाही. १५ मार्चला शिर्डीत रांगेत उभ्या असलेल्या भाविकाने गुन्हा केला नव्हता. मग दिल्लीहून आलेल्याने तो कसा केला, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

दुसरं म्हणणं, ते पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करत होते. याचंही उत्तर निकालात आहे. धार्मिक स्थळांना भेट देणं आणि नेहमीच्या धार्मिक प्रवचनांना हजर राहणं यांना व्हिसाच्या नियमांत मनाई नाही. प्रचार करून कुणाचं धर्मांतर घडवलं असा पुरावा समोर आला नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना हिंदी येत नव्हती, उर्दूही येत नव्हती. नगर जिल्ह्यातल्या गावकऱ्याला फ्रेंच किंवा अरबीत कसला उपदेश करणार?

तिसरं म्हणणं जरा वकिली आहे. दोन्ही न्यायमूर्तींचं एकमत नव्हतं, म्हणून हा निकाल अर्धाच धरावा, असं ते. इथे नीट बोललं पाहिजे. न्या. नलावडे यांनी निकालात माध्यमांनी केलेल्या अपप्रचारावर, सरकारांनी साथीच्या काळात बळीचा बकरा शोधण्यावर आणि नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनांच्या पार्श्वभूमीवर कडक शब्द लिहिले. संबंधितांना पश्चात्ताप व्हावा आणि झालेली हानी भरून काढायला त्यांनी काही करावं, अशी अपेक्षा व्यक्त केली. न्या. सेवलीकर यांनी त्यातल्या काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली. पण गुन्हे टिकत नाहीत, ते रद्द करावेत, यावर दोघं एकत्र होते. मतभेद सरकारच्या हेतूविषयी होता. आरोपींच्या निर्दोषपणाविषयी नव्हता. ज्याला न्या. नलावडेंची भाषा जड वाटते त्याने ती बाजूला ठेवावी. आरोप तरीही उभे राहत नाहीत. महिनाभरात, २१ सप्टेंबरला, नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. १५ डिसेंबरला दिल्लीत साकेतच्या न्यायालयाने ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष सोडलं. आता काय म्हणायचं, सगळीच न्यायालयं चुकली?

चौथ्या म्हणण्याकडे मात्र मला जास्त लक्ष द्यायचं आहे, कारण ते माझ्या शेजाऱ्याचंही आहे आणि त्यात जमातीचा संबंध नाही. ‘भीती लागते हो. गुन्हे दाखल केले नसते तर लोकांनी ऐकलंच नसतं.’ महाराष्ट्रात टाळेबंदीच्या पहिल्या पाच महिन्यांत कलम १८८ खाली दोन लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. गृहखातं ते आकडे कामगिरी म्हणून जाहीर करायचं.

त्या वर्षीचे सण आठवा. गुढीपाडवा २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. गुढ्या दारात उभ्या राहिल्या, शोभायात्रा निघाल्या नाहीत. २५ मेच्या ईदला आपल्या शहरातल्या छावणीचं ईदगाह रिकामं होतं. ज्या शहागंजात रमजानच्या रात्री पाय ठेवायला जागा नसते तिथे महिनाभर सामसूम होती. आषाढीला मानाच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, शतकांची पायी वारी वारकऱ्यांनी आपणहून घरात अडवून धरली. मंडळांनी चार फुटांच्या मूर्ती बसवल्या. एवढा मोठा त्याग लोकांनी दोनशे रुपयांच्या दंडाला भिऊन केला असं म्हणणं हा त्या लोकांचा अपमान आहे. त्यांनी तो घरातल्या म्हाताऱ्यांसाठी केला.

भीतीने काय केलं तेही आपल्याच तालुक्यात दिसलं. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. रस्त्याने गेलो तर अडवतील म्हणून ते रुळांवरून चालत निघाले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या, तो फोटो अजून कुणी विसरलेलं नाही. विषाणूपेक्षा गणवेशाला भ्यायलेली माणसं होती ती.

आणि भीतीसुद्धा सर्वांना सारखी नव्हती. एप्रिलमध्ये उद्योगपती वाधवान कुटुंबाची तेवीस माणसं गाड्यांच्या ताफ्यातून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेली, ती गृहखात्याच्या प्रधान सचिवांच्या पत्रावर. बोभाटा झाल्यावर गुन्हा नोंदला, त्या अधिकाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, आणि सप्टेंबरमध्ये तेच पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. करमाडच्या मजुरांकडे असं पत्र नव्हतं.

पोलिसांवर राग काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या साथीत महाराष्ट्र पोलिसांचे शेकडो कर्मचारी मेले. उन्हात चौकाचौकात उभा राहिलेला हवालदार घरी जाऊन आपल्या मुलाला जवळ घ्यायला घाबरत होता. त्याच्या हाती आरोग्याचं काम देताना फौजदारी कायद्याची वही दिली, ही चूक वरच्यांची आहे. शिवाय ती वही कायद्यानेही कच्ची होती. कलम १८८ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेऊ शकत होतं ते ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याची, किंवा त्याच्या वरिष्ठाची, लेखी तक्रार असेल तेव्हाच. तेव्हाच्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम १९५ तसं स्पष्ट सांगत होतं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६० सुद्धा तक्रारीशिवाय दखल घेऊ देत नाही. पोलिसांनी एफआयआर लिहून दोषारोपपत्र पाठवलं की काम झालं, असं तिथे नव्हतं. तरी लाखो एफआयआर लिहिले गेले.

शेवटचं म्हणणं सगळ्यात सभ्य, आणि मला सगळ्यात क्रूर वाटतं. ‘सुटले ना शेवटी? मग नुकसान काय झालं?’

नुकसान काय होतं ते ज्याच्या घरात गुन्हा आला त्याला विचारा. गुन्हा एका नावावर असतो, पण दारावरची थाप सगळं घर ऐकतं. जामीन मिळाला तर जामीनदार शोधायचा. त्याचा सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला हवा, आणि तेव्हा तहसील अर्धं बंद. वकिलाची फी द्यायची, ज्या महिन्यात दुकानाचं शटर उघडलेलं नाही त्या महिन्यात. मग तारीख, आणि तारखेवर तारीख. मुलाने पोलीस भरतीचा अर्ज भरला की त्यात गुन्ह्याचा रकाना येतो. न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, कायद्यात तशी तरतूद आहे. कंपनीने चारित्र्य पडताळणी मागितली की आई म्हणते, बघ, सांगितलं होतं ना बाहेर जाऊ नकोस. सणाला पाहुणे येतात आणि त्या मुलाचं नाव निघालं की बोलणं बदलतं. निर्दोष ठरल्याची बातमी त्या पाहुण्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.

नगरच्या त्या २९ जणांचा रमजान, ईद, बकरी ईद असं सगळं परक्या देशात, आरोपी म्हणून गेलं. त्यांच्या घरच्यांना तिकडे काय कळत असेल? भारतात मुक्कामाला गेलेल्या माणसाला साथ पसरवली म्हणून पकडलंय, एवढंच. ज्यांनी त्यांना छप्पर दिलं त्यांची घरं तर इथलीच. त्यांना गल्लीतून रोज जायचं होतं. दिल्लीत ज्या सत्तर भारतीयांवर अशा पाहुण्यांना आसरा दिल्याचा आरोप होता त्यांच्यावरची दोषारोपपत्रं दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली ती १७ जुलै २०२५ ला. पाच वर्षांहून जास्त. एवढ्या काळात घरात लग्नं झाली असतील, म्हातारे गेले असतील, आणि प्रत्येक वेळी घरातला एक माणूस कागदोपत्री आरोपी होता.

मराठी माणसाला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. ज्या साथरोग कायद्याचा आधार २०२० मध्ये घेतला तो १८९७ चा, प्लेगच्या वर्षाचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घराघरांत, माजघरांत, देवघरांत घुसले. रोग खरा होता, माणसं मरत होती, तपासणी हवी होती. तरीही आपण त्या तपासणीला आजवर जुलूम म्हणतो, कारण माणसाला आजारी समजण्याऐवजी संशयित समजलं गेलं. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. ज्याच्या घरावर चुकून घाला आला त्याच्यासाठी त्यात ओळही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : साथीत माणसाला अलग ठेवा, तपासा, गरज पडली तर सक्तीने ठेवा, जेवण द्या, भाषा कळणारा माणूस द्या, त्याच्या घरी फोन लावून द्या. मुद्दाम रोग पसरवल्याचा पुरावा असेल तर जरूर खटला भरा. पण अडकलेपण हा गुन्हा ठरवू नका, आणि आसरा देणं तर कधीच नाही. नांदेडला आपण हे करून दाखवलं होतं. तिथे माणुसकी जमली, याचा अर्थ ती नगरलाही जमली असती.

मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी टाळेबंदीतले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली. चांगली घोषणा होती. पण न्यायालयात पोहोचलेला खटला घोषणेने मिटत नाही, सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. किती मागे घेतले, किती उरले, हे सरकारने पोलीस ठाण्यानिहाय जाहीर करावं. ज्यांच्यावर तेव्हा गुन्हा नोंदला होता त्यांनीही गप्प बसू नये. ठाण्यात जाऊन आपल्या नावासमोर आज काय लिहिलेलं आहे ते लेखी मागावं.

आणि कायदा करणाऱ्यांनी या अनुभवातून काय घेतलं, तेही वाचकांनी पाहावं. चुकीच्या फौजदारी कारवाईला बळी पडलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्येच आपल्या २७७ व्या अहवालात शिफारस केली होती. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले. कलम १८८ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली. साध्या आदेशभंगाची शिक्षा एक महिन्यावरून सहा महिने झाली, दंड २०० रुपयांवरून २,५०० झाला. पुरेसं कारण नसताना एखाद्याला अटक करवली, तर ती करवणाऱ्याकडून दंडाधिकारी भरपाई देववू शकतो. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत तिची कमाल रक्कम एक हजार रुपये होती. तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती एक हजार रुपयेच आहे.