फर्नांदो दि लेओ : दुय्यम ठरवलेल्या दिग्दर्शकाची बाजू

इटालियन सिनेमा म्हटले की आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमध्ये घडलेल्या प्रेक्षकाच्या तोंडी ठरलेली नावे येतात : रोस्सेलिनी, दे सिका, व्हिस्कोन्ती, फेलिनी, अंतोनिओनी. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला आणि इटली म्हणजे नववास्तववाद हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले. या मंडळींच्या थोरवीबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्याआड झाकल्या गेलेल्या सिनेमाबद्दल. वेस्टर्न, गुन्हेपट, भयपट करणाऱ्या इटालियन दिग्दर्शकांना ‘गल्लाभरू’ म्हणून एका शब्दात निकालात काढले जाते. पटकथाकार आणि दिग्दर्शक फर्नांदो दि लेओ हा त्यांच्यापैकीच एक. त्याच्यावर घेतले जाणारे आक्षेप एकेक करून तपासले, तर त्यातले बहुतेक टिकत नाहीत.

पहिला आक्षेप नकलेचा. अमेरिकी गुन्हेपटांची इटलीने स्वस्तात काढलेली आवृत्ती म्हणजे दि लेओ, असे सांगितले जाते. तारखाच या म्हणण्याच्या विरोधात साक्ष देतात. त्याचा ‘मिलानो कालिब्रो ९’ इटलीत झळकला १९७२च्या फेब्रुवारीत. कोपोलाचा ‘गॉडफादर’ न्यूयॉर्कच्या पडद्यावर आला त्यानंतर, मार्चमध्ये. शिवाय दि लेओची शिदोरी घरचीच होती. जॉर्जो शेर्बानेंको या मिलानच्या गुन्हेकथाकाराच्या कथांवर त्याने हा चित्रपट बेतला. १९६९ साली ‘इ रागात्सी देल मास्साक्रो’ही त्याने शेर्बानेंकोच्याच कादंबरीवरून केला होता. पटकथेचे शिक्षण तर त्याने कामावरच घेतले. साठच्या दशकात स्पॅगेटी वेस्टर्नची लाट आली तेव्हा दुच्चो तेस्सारीच्या ‘रिंगो’पटांपासून कोर्बुच्चीच्या ‘नवाहो जो’पर्यंत आणि फुल्चीच्या पहिल्या वेस्टर्नपर्यंत त्याची लेखणी चालत होती. लेओनेच्या पहिल्या दोन ‘डॉलर’पटांच्या लेखनातही, श्रेयनामावलीत नाव न येता, त्याचा हात होता असे मानले जाते. उघड्या माळावरच्या त्या सूडकथेला त्याने मिलानच्या डांबरी रस्त्यांवर आणले. ही स्थलांतराची कल्पना त्याची स्वतःची होती, आणि अशी कल्पना नकलाकाराला सुचत नाही.

‘गॉडफादर’शी तुलना करायचीच असेल तर ती आशयाची करावी. कोपोलाच्या माफियाला कुटुंब आहे, मर्यादा आहेत, एक काळोखी भव्यता आहे. दि लेओच्या ‘इल बॉस’मध्ये (१९७३) पालेर्मोतला लान्झेत्ता हा मारेकरी ज्या डॉनने त्याला पोरका म्हणून सांभाळले, त्यालाच वरून हुकूम येताच गोळी घालतो. माफियाची इभ्रत, शब्दाला जागणे, रक्ताचे नाते, या साऱ्या दंतकथांवर त्याने सरळ घाव घातला. गुन्हेगारी जगाला इतका कमी मान देणारा गुन्हेपटकार दुसरा शोधून काढावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सत्तरच्या दशकातले इटालियन पोलीसपट हिंसेवर पोसलेले आणि पोलिसी बळाची आरती ओवाळणारे होते, असा तो आक्षेप. कायदा गुंडाळून गुंडांना ठोकणारे अधिकारी त्या काळच्या इटालियन पडद्यावर पुष्कळ होते, हे खरे आहे. पण दि लेओला त्या रांगेत उभे करणाऱ्यांनी ‘मिलानो कालिब्रो ९’मधली पोलीस कचेरी लक्ष देऊन पाहिलेली नाही. तिथे फ्रँक वुल्फने रंगवलेला कडक कमिशनर आणि लुइजी पिस्तिल्लीने रंगवलेला डाव्या विचारांचा अधिकारी मेर्कुरी समोरासमोर भांडतात. मेर्कुरीचे म्हणणे असे की आपण किरकोळ गुंडांच्या मागे धावतो आणि पैसा देशाबाहेर नेणारे बडे लोक मोकळे राहतात. दक्षिणेतून पोटासाठी उत्तरेत आलेल्या गरिबांकडे गुन्हेगार म्हणून पाहण्यालाही त्याचा विरोध आहे. अखेर बदली होते ती मेर्कुरीचीच. मिलानमध्ये पियाझ्झा फोंतानाच्या बँकेत १२ डिसेंबर १९६९ रोजी स्फोट होऊन १७ माणसे मेली, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पोलीस, राज्यसंस्था आणि राजकारण यांच्यावरचा विश्वास उडालेल्या शहरात हा संवाद पडद्यावर आला. या दृश्यांनी कथेचा वेग मंदावतो अशी तक्रार करणारे आजही भेटतात. वेग थोडा मंदावतो हे खरे, पण ज्या दिग्दर्शकाला केवळ गल्ला भरायचा असतो, तो गुन्हेपट थांबवून वर्गविषमतेवर वाद घालत बसत नाही. दि लेओ स्वतः दक्षिणेतला होता. ११ जानेवारी १९३२ रोजी पुलिया प्रांतातल्या सान फेर्दिनांदोत जन्मलेला हा माणूस मिलानकडे त्या स्थलांतरिताच्या बाजूने पाहत होता.

हिंसेचेही तसेच. ‘ला माला ओर्दिना’त (१९७२) मारिओ आदोर्फचा लुका कानाली हा क्षुल्लक भडवा आहे. हेरॉइन चोरीचा खोटा आळ त्याच्यावर घालून बड्या डॉनने त्याला बळीचा बकरा केले आहे. त्याची बायको आणि लहान मुलगी डोळ्यांदेखत गाडीखाली चिरडली जातात. तो त्या व्हॅनच्या मागे धावतो, तिला लोंबकळतो आणि हातात काही नाही म्हणून कपाळाने समोरची काच फोडतो. इथे नायकाची ऐट कुठेही नाही. सगळ्यांनी मिळून कोपऱ्यात लोटलेल्या माणसाकडे शेवटी स्वतःचे डोकेच तेवढे शस्त्र म्हणून उरते. ही हिंसा प्रेक्षकाला सुखावत नाही, हादरवते.

तिसरा आक्षेप : त्याने सुमार चित्रपटही काढले. हे मला मान्य आहे. ‘ला बेस्तिया उच्चिदे आ सांग्वे फ्रेद्दो’ (१९७१) हा रुग्णालयातल्या स्त्रियांच्या खुनांचा चित्रपट उघडउघड नग्नतेच्या भांडवलावर उभा आहे, आणि त्याच्या चांगल्या चित्रपटांतही स्त्रियांना मिळणारी वागणूक पुष्कळदा खटकते. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु कलावंताचे मोल त्याच्या उत्तम कामावरून ठरते, हा न्याय आपण फेलिनीला लावतो, तर दि लेओलाही लावला पाहिजे.

चौथा आक्षेप अलीकडचा आहे : टॅरँटिनोने कौतुक केले म्हणून हा माणूस माहीत झाला, एरवी त्याला कोण विचारत होते? टॅरँटिनोने दि लेओचे ऋण मोकळेपणाने मानले आहे. ‘ला माला ओर्दिना’त न्यूयॉर्कहून येणाऱ्या गोऱ्या-काळ्या मारेकऱ्यांच्या जोडीचे पडसाद ‘पल्प फिक्शन’मध्ये ऐकू येतात. पण ऋण मान्य केल्याने ऋणको मोठा होतो, धनको लहान होत नाही. १९७२चा चित्रपट १९९४च्या चित्रपटाच्या उजेडात उभा आहे असे म्हणणे म्हणजे कालक्रमच उलटा करणे होय.

आता मंडन. दि लेओची कारागिरी पाहायची असेल तर ‘मिलानो कालिब्रो ९’ची सुरुवात पाहावी. दुओमोच्या चौकातून पैशांचे एक पुडके हातोहात शहरभर फिरते. कोणी कोणाशी बोलत नाही. लुईस बाकालोव आणि नेपल्सचा ‘ओसान्ना’ हा रॉक-संच यांचे संगीत तेवढे चढत जाते. पुडके मुक्कामी पोहोचते तेव्हा आत नोटांऐवजी कोरे कागद निघतात. मग ज्यांच्या हातांतून ते गेले, त्यांना एकेक करून उचलले जाते. एकाला तर न्हाव्याच्या खुर्चीतच वस्तऱ्याने कापले जाते. शेवटी सर्वांना एका गुहेत बांधून सुरुंगाने उडवले जाते. दोषी कोण, हे शोधण्याची तसदी कोणी घेत नाही. काही मिनिटांत, जवळजवळ शब्दाविना, त्या जगाचा न्याय आपल्याला कळतो. पटकथाकार म्हणून घोटलेला हात दिग्दर्शकाच्या कसा कामी येतो, ते या दृश्यमालिकेत दिसते.

आणि आशयाचे म्हणाल तर ‘ला चित्ता स्कोन्वोल्ता’ (१९७५) घ्या. इटलीत त्या काळी खंडणीसाठी अपहरणांचा सुळसुळाट झाला होता. चित्रपटात एका धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा पळवला जातो आणि त्याला सोडवू पाहणारा गरीब मेकॅनिकचा मुलगाही सोबत उचलला जातो. जेम्स मेसनने साकारलेला धनिक खंडणीच्या रकमेत घासाघीस करत राहतो. त्या घासाघिशीची किंमत म्हणून अपहरणकर्ते मेकॅनिकच्या पोराला मारून टाकतात. ‘बायसिकल थीव्ज’मध्ये गरीब बाप सायकल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन पोलिसांकडे जातो आणि त्याच्या नुकसानीची कोणी दखल घेत नाही. दि लेओने सत्तावीस वर्षांनंतर तोच बाप, तोच मुलगा आणि तीच बेदखली घेतली. फक्त या वेळी हरवते ती सायकल नसून मुलगाच असतो. दे सिकाचा बाप खचतो, दि लेओचा बाप बंदूक उचलतो, आणि बंदुकीनेही पोर परत येत नाही. नववास्तववादाने विचारलेला प्रश्न विसरला गेला नव्हता. तिकीटबारीवर रांग लावणाऱ्या कामगार प्रेक्षकापर्यंत तो दि लेओ घेऊन गेला. माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे काम.

१९८५ नंतर त्याने चित्रपट केला नाही. १ डिसेंबर २००३ रोजी तो रोममध्ये वारला. पुढच्याच वर्षी व्हेनिस महोत्सवाने इटालियन सिनेमाच्या या दुर्लक्षित दालनाला मानाने पडद्यावर आणले, तेव्हा दि लेओचे चित्रपट त्यात होते. मानमरातब नेहमीप्रमाणे उशिरा पोहोचला, पण इटलीने आपली चूक दुरुस्त केली. आपल्या फिल्म सोसायट्यांनी आणि महोत्सवांच्या संयोजकांनीही ती करावी. ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘ला चित्ता स्कोन्वोल्ता’ एकाच दिवशी लागोपाठ दाखवा आणि मग प्रेक्षकालाच ठरवू द्या की दि लेओला दुय्यम म्हणायचे की नाही.