रिकामं इंजिन, काजळीचं घर

पाऊस लागला की पेणपासून रोह्यापर्यंत भातखाचरांत चिखलणीची घाई उडते. ट्रॅक्टर चिखलात जोर लावतो आणि न्याहारीच्या वेळी बांधावर नुसताच धडधडत उभा राहतो. सांगा बरं, इंजिनाच्या तब्येतीला चांगलं काय? काम की आराम? उत्तर आहे, काम!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. इंजिन तासन्‌तास बिनकामाचं चालवलं, तर सिलिंडर पुरेसा तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं आणि आत काजळी धरते.

मग इंजिन तपासायचं कसं? डॉक्टर नाही का, कधी कधी पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात? तसंच! ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे पीटीओला, डायनॅमोमीटर जोडतात. हे यंत्र दांड्याला अडवतं. इंजिनाला वाटतं, आपण शेतातच राबतोय! काही यंत्रांत अडवण्याचं काम पाणी करतं. असा पाण्याचा ब्रेक विल्यम फ्राउड यांनी १८७७ मध्ये तयार केला. भार हळूहळू वाढवत अश्वशक्ती किती आणि तासाला डिझेल किती, हे मोजतात. मध्य प्रदेशात बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची अशी परीक्षा होते.

धूरही बोलतो बरं का! भाराखाली सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर क्लीनर तुंबला असेल किंवा नॉझलचा फवारा बिघडला असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर डिझेल न जळताच बाहेर पडत असेल.

भाराखाली तापलेल्या इंजिनातली थोडी काजळी जळून जाते. पण तुंबलेला एअर क्लीनर आपोआप साफ होत नाही. तो आपल्यालाच साफ करावा लागतो.

काळा धूर म्हणजे बाबांनी पैसे मोजून आणलेलं डिझेल, आणि लावणी करणाऱ्या आई-काकूंच्या छातीत जाणारी काजळी. म्हणून न्याहारीला बसताना इंजिन बंद करायची आठवण तुम्ही करा. धुराचा रंग जरूर पाहा, पण दुरूनच! फिरत्या पीटीओजवळ मात्र कधीही जायचं नाही. कपड्याचं टोक अडकलं तरी जिवावर बेततं.