रग्बी प्रीमियर लीग

रग्बी प्रीमियर लीग ही सात खेळाडूंच्या रग्बीची भारतीय फ्रँचायझी स्पर्धा आहे. रग्बी इंडिया व जीएमआर स्पोर्ट्स यांनी सुरू केलेल्या या स्पर्धेचा सहा संघांचा पहिला हंगाम १५ ते २९ जून २०२५ या काळात अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात झाला. (पावसाळ्यात क्रिकेट थांबते व मैदान मऊ असते, म्हणून मुंबईतील रग्बीचा हंगाम परंपरेने याच दिवसांतला.) अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झचा ४१–० असा पराभव केला.

प्रक्षेपण

सामने स्टार स्पोर्ट्स व जिओहॉटस्टारवर दाखवण्यात आले. एरवी या प्रकारात सात-सात मिनिटांची दोन सत्रे असतात. येथे चार-चार मिनिटांची चार सत्रे ठेवण्यात आली. प्रत्यक्ष खेळ दोनच मिनिटांनी वाढला, परंतु मध्यंतरे एकाऐवजी तीन झाली. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला ही रचना सोयीची ठरते. ऑस्ट्रेलियातील रग्बी संघटनेने नाइन या माध्यमसमूहाशी २०२६ ते २०३० असा पाच वर्षांचा करार केल्याने तिला काही उत्पन्न आधीच गृहीत धरता येते. भारतात मुळात प्रेक्षकवर्गच घडवायचा आहे.

प्रशिक्षण

सहाही संघांचे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. प्रत्येक संघातील पाच भारतीय खेळाडूंना त्यांचा सहवास मिळाला, पण स्पर्धा जेमतेम दोन आठवड्यांची होती. खेळाडू वर्षभर ज्यांच्या हाताखाली घडतात, त्या शाळा व जिल्हा पातळीवरील प्रशिक्षकांपर्यंत या पद्धती पोहोचवण्याचे काम लीगच्या रचनेत आपोआप होत नाही. पहिल्या हंगामात महिलांचे संघ नव्हते.