पुढच्या वर्षाची उधारी करून ड्राफ्टमध्ये वर चढू नका!

मंडळी, जून आला की आपल्या टोरंटोत एकच ओरड सुरू होते: "लीफ्सनी काहीही द्यावं, पण ड्राफ्टमध्ये वरचा नंबर घ्यावा." हे 'काहीही'च महागात पडतं.

एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये बहुतेक अठरा वर्षांची पोरं निवडतात. त्यातला कोण पंचविशीत काय दिवे लावेल, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे वर चढताना जे देतो ते नक्की, आणि जे मिळतं तो अंदाज.

२००८ आठवा. लीफ्सचा नंबर सातवा होता. पाचवा मिळवायला आपण आयलँडर्सना सातवा नंबर दिला, वर त्याच वर्षीचा तिसऱ्या फेरीचा आणि २००९चा दुसऱ्या फेरीचा. फक्त दोन पायऱ्यांसाठी! घेतला ल्यूक शेन. पोरगा वाईट नव्हता, पण २०१२ला आपणच त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकला. आयलँडर्स मात्र आणखी खाली, नवव्या नंबरावर उतरले. त्याबद्दल नॅशव्हिलकडून आणखी एक नंबर पदरात पाडला आणि जॉश बेली घेतला. तो त्यांच्याकडून हजारावर सामने खेळला.

आता खरी मेख. हा सौदा केला तेव्हा क्लिफ फ्लेचर हंगामी जीएम होते. नोव्हेंबरमध्ये ब्रायन बर्क आले आणि २००९चा रिकामा खिसा त्यांच्या वाट्याला आला. हौस एकाची, बिल दुसऱ्याच्या नावावर! आणि शेवटी ते भरतो कोण? १९६७पासून कपची वाट बघत तिकिटं काढणारे आपण.

कुणी म्हणेल, कार्लसनचं काय? बरोबर आहे. त्याच ड्राफ्टमध्ये ओटावानं अठराव्यावरून पंधराव्यावर चढून एरिक कार्लसन घेतला. पण किंमत बघा: तिसऱ्या फेरीचा एक नंबर. वरच्या जागा महाग असतात हे मान्य, पण म्हणूनच तिथं हात आखडता हवा.

बर्कनी स्वतः १९९९ला व्हँकुव्हरसाठी मोठी किंमत मोजून सेडिन जुळे मिळवले, तेही खरं. दोघं आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पण असे जुळे दर जूनला येत नाहीत राव!

शिवाय पगारावर मर्यादा आहे. मोठ्या स्टार्सना कोट्यवधी डॉलर दिल्यावर उरलेला संघ स्वस्तातल्या तरुण पोरांवरच उभा राहतो. ती पोरं येतात कुठून? आपण उधळतो त्याच दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यांतून.

माझं म्हणणं इतकंच: चढायचंच असेल तर याच वर्षीच्या खिशातून आणि थोडक्यात चढा. पुढच्या वर्षाचा नंबर गहाण पडत असेल, तर जागेवर बसून राहा.

यंदा कुणी वर चढलं की टाळ्या वाजवण्याआधी विचारा: बिल कुणाच्या नावावर फाडलंय?