बागेतला पाला शेकोटीत घालू नये



आपल्या निफाड तालुक्यात थंडी फार पडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात आणि तो आकडा पेपरात येतो. पण आम्हा मुलांना आकडा वाचायची गरज नसते. शनिवारी सकाळची शाळा असते ना, तेव्हा बोटे इतकी आखडतात की वहीत अक्षर वाकडे येते. म्हणून गुरुजी यायच्या आधी मोठी मुले शाळेच्या मागे शेकोटी पेटवतात. शेकोटीला माझी हरकत नाही. शेकोटी कोणाला आवडत नाही! पण शेकोटीत काय घालावे आणि काय घालू नये याबद्दल माझे मत आहे. ते मी लिहितो.

आपल्या परसबागेत हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो आणि वांगी असतात. ती भाजी आपल्याच पोषण आहारात जाते. बागेशेजारी बदामाचे झाड आहे. थंडीत त्याची पाने लाल होतात आणि गळतात. रोज टोपलीभर पाने पडतात. ती झाडून लोटायची आणि काडी लावायची, अशी आपली पद्धत. पाच मिनिटे जाळ होतो, डोळ्यात धूर जातो, आणि पाने संपली की परत थंडी ती थंडीच. पाल्याला दम नसतो.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. मागच्या वर्षी, मी तिसरीत असताना, कुंपणाच्या तारेवर गिलक्याचा वेल होता. डिसेंबरमध्ये तो वाळून गेला. एका शनिवारी शेकोटी विझायला लागली. मोठी मुले म्हणाली, "आण रे काहीतरी!" मी धावत गेलो आणि तो वाळलेला वेल ओढून आणला. त्याला दोन वाळलेली गिलकी होती. हलवली की खुळखुळ वाजत होती. मी ती वेलासकट जाळात टाकली. फार छान पेटली. एका गिलक्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. ती मला दिसली होती, पण मला वाटले कोणीतरी खेळताना बांधली असेल.

ती चिंधी बाईंनी बांधली होती. ती गिलकी बियांसाठी राखलेली होती.

संक्रांत झाल्यावर थंडी कमी होऊ लागली आणि बाईंनी उन्हाळी वेलांसाठी आळी करायला सांगितली. तेव्हा त्यांनी विचारले, "गिलक्याचा वेल कोणी काढला?" सगळे गप्प. मी पण गप्प. मग दुकानातून बियांचे पाकीट आणले. त्याचे वेल आले, गिलकीही लागली, ती काही वाईट नव्हती. पण आधीचे बी माझ्या आजीने शाळेला दिले होते. ती गिलकी आखूड आणि जाड असत. आजी ते बी राखेत घालून मडक्यात ठेवायची. पूर्वी आमच्या बांधावर तो वेल होता. नंतर तिथपर्यंत द्राक्षबाग लावली आणि वेल गेला. उरलेले सगळे बी आजीने शाळेला दिले होते. ती म्हणाली होती, "शाळेत पोरं आहेत, तिथं राहील." आता ते आमच्याही घरी नाही आणि शाळेतही नाही. आजी अजून मला विचारते, "गिलकं आलं का रे शाळेत?" मी म्हणतो, "आलं." ते खोटे नाही, पण खरेही नाही.

म्हणून माझे मत असे की, हिवाळ्यात बागेत जे वाळलेले दिसते ते सगळे मेलेले नसते. त्यात पुढच्या लागवडीचे बी असते. ज्याला ओळखता येत नाही त्याने हात लावू नये. आणि बियांसाठी राखलेल्या फळाला नुसती चिंधी बांधून भागत नाही, सगळ्या वर्गांना सांगितले पाहिजे. (हे मी बाईंना उलट बोलत नाही.)

काही मुले म्हणतात, पाला जाळला नाही तर घाण दिसते आणि त्यात विंचू बसतात. विंचवाचे खरे आहे. म्हणून पाला ढीग करून ठेवायचा नाही, खड्ड्यात घालायचा. गुरुजींनी सांगितले की, इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन खत करायची रीत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. ढीग ओला ठेवून मधून मधून वरखाली केला की तीन महिन्यांत खत होते. मी हे आजीला सांगितले तर ती हसली. म्हणाली, "आमचा उकिरडा पाहूनच शिकला असंल तो सायेब." दिवाळीनंतर आपण कोपऱ्यात खड्डा केला आहे, पण त्यात अजून निम्मासुद्धा पाला नाही. बाकीचा शेकोटीत गेला. उन्हाळी भेंडी, काकडी आणि वेलांच्या आळ्यात घालायला मग खत कुठून येणार?

माझे वडीलसुद्धा थंडीत पहाटे द्राक्षबागेत धूर करतात. फार थंडी पडली की मणी तडकतात, म्हणून करतात. तिथे जाळाचे काम आहे. आमच्या शेकोटीलाही काम आहे, पण तिला छाटणीच्या काड्या चालतात. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या कितीतरी घरांच्या मागे पडलेल्या असतात. प्रत्येकाने शनिवारी येताना चार काड्या आणल्या तर जाळ टिकेलही जास्त. मी दोन शनिवार आणल्या. बाकी कोणी आणल्या नाहीत, पण शेकायला सगळे पुढे.

आणखी एक. पाणी घालणाऱ्या गटाने सकाळी टाकीतले पाणी रोपांना घालू नये. ते रात्रभर गार झालेले असते, हात घालून पाहा. हापशाचे पाणी थंडीत कोमट लागते. जरा हापसावे लागेल, पण त्याने अंगही गरम होते.

हा लेख लावण्याआधी बाई वाचतील. तेव्हा त्यांना वेल कोणी काढला ते कळेल. रागावल्या तर रागावू देत.

पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या बांधावर, गोठ्यावर किंवा मामाच्या गावी आखूड, जाड गिलक्याचा जुना वेल असेल तर एक वाळलेले गिलके शाळेत द्या. संक्रांतीपर्यंत द्या, म्हणजे या लागवडीला सापडेल. आळे मी करून ठेवले आहे, कुंपणाच्या त्याच तारेखाली. जून महिन्यात मी पाचवीला दुसऱ्या शाळेत जाईन, त्याच्या आत एक तरी गिलके लागायला हवे.

— इयत्ता चौथी