उन्हाळ्यातली मैदानं, घरातला खेळ

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की सकाळी आठनंतर मैदानं ओस पडतात. घरात खेळता येणाऱ्या व्यायामाच्या व्हिडिओ गेमला याहून योग्य गाव कोणतं?

निन्टेंडोने २००७ साली जपानमध्ये ‘वी फिट’ हा असाच गेम आणला. पाट ठेवावा तसा बॅलन्स बोर्ड जमिनीवर ठेवायचा, वर उभं राहून तोल सांभाळायचा. जाहिरातींत कसलेले गेमर नव्हते. आई, आजोबा, मुलं होती. अमेरिकेत बोर्डासह किंमत सुमारे ९० डॉलर, आणि जगभरात दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०१९चा ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ त्याच वाटेने गेला.

पण हे गेम ज्यावर चालतात त्या कन्सोलचे पैसे वेगळेच. भारतात २०१८च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने कन्सोलवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, तरी मध्यमवर्गीय घराला कन्सोलची किंमत जडच वाटते.

म्हणून विक्रेत्यांनी कन्सोल, गेम आणि बोर्ड यांची एकत्र किंमत आधीच सांगावी, हप्ते द्यावेत. आणि नागपूरच्या सीताबर्डीत कूलर घ्यायला आलेल्या कुटुंबाला दुकानातच बोर्डावर उभं करावं. आजी खेळली, तर खरेदीचा निर्णय घरी जाण्याआधीच होईल.